भोंडल्यात सापडलेला उमेदवार

अगं, इकडे परदेशात, ट्रुगानिनाच्या पार्कातला आमचा भोंडला सांगितला का तुला? कोविड चालूच होता आणि राज्याची निवडणूक तोंडावर आलेली. गाणी संपली, खिरापत ओळखायची वेळ झाली, तेवढ्यात एक उमेदवार हसत हसत फोटोला आला.

म्हटलं, बरा सापडला! आमच्या शेजारच्या कुसुमताईंना शुगर, पण मोबाइलवरचे भलतेसलते व्हिडिओ बघून बाई लसच घेईनात. लसीचं इंग्रजी पत्रक त्यांना काय समजावणार, कपाळ?

सुनेला म्हटलं, "विचार त्याला, मराठी बोलणारी नर्स कधी पाठवतोस?"

तिनं गोड गोड विचारलं. "आई, ते म्हणतायत, निवडणुकीनंतर बघू."

आणि त्याचा हात कुठे, तर माझ्या खिरापतीच्या डब्यावर! मी झाकण दाबून धरलं. "सांग त्याला, आमच्यात ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही. मत तर इथे आम्हाला द्यावंच लागतं, नाही दिलं तर दंड होतो. पण कुणाला द्यायचं ते आम्ही ठरवतो!"

"आई, असं कसं सांगू?"

"जसंच्या तसं सांग. तिखट काढू नकोस!"

तिनं सांगितलं, आणि बायकांनी काय टाळ्या पिटल्या! तो लालेलाल झाला. "नो वरीज, नो वरीज," म्हणत तिथूनच त्यानं ओळखीच्या दवाखान्यात फोन लावला.

शनिवारी कम्युनिटी सेंटरात नर्स हजर, चक्क नागपूरची! कुसुमताईंनी तिला तासभर प्रश्न विचारून पिडलं, मग बाही वर केली. म्हणाल्या, "हळू टोच गं. बाहेर सगळ्या थांबल्यात, माझी किंकाळी ऐकली तर एकही आत यायची नाही!"