डावा गाल राहिला

— तर म्हणून सांगतो, मान अशीच ठेवा, जरा मागे, हां, बास. दुकान बंद नाही हो, फक्त दादा नाहीये. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दुकान त्याचं — म्हणजे वडिलांचं, पण वडील गेल्यावर त्याचंच ना. सासऱ्यांना डोळे दाखवायला घेऊन गेलाय, येईलच इतक्यात. तुम्ही दारातनं डोकावलात, विचारलंत, दाढी होईल का — आणि मी हो म्हणालो! किती दिवसांनी कुणाला हो म्हणालो मी. फेस गरम नाही ना लागत? कोमट पाण्यानं केस मऊ पडतात, वस्तरा ओढत नाही. मुलाखतीला जायचंय ना तुम्हाला, मग घाई करून कसं चालेल? बोलू नका, ओठाजवळ आलोय, हो की नाही ते डोळ्यांनीच सांगा.

बघितलात हात? नाही, आरशात बघा ना, जरा तरी हलतोय? मध्यंतरी या हाताला चमचा धरवत नव्हता — चहा ओठापर्यंत येईस्तोवर निम्मा बशीत. कशानं म्हणजे? गोळ्यांनी. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, नाहीतर गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट नाही ती. फिट येतात मला. घाबरू नका! लोक लगेच घाबरतात. आधी कळतं मला — जळक्या रबराचा वास येतो, फक्त मला येतो, दुसऱ्या कुणाला नाही, आणि मग मी आडवा. एकदा याच आरशासमोर पडलो, मिशीवाले काका याच खुर्चीत बसलेले, नशीब हातात कंगवा होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिट थांबल्या. खोटं कशाला बोलू, थांबल्या. पण हात थरथरायला लागला. झोप इतकी, की उभ्या उभ्या पेंगायचो. आणि शब्द — शब्द जायचे हो तोंडातनं! समोर कात्री दिसतेय, आणि मी म्हणतोय, दादा, ते दे, ते, ते कापायचं. वहिनी आधी हसायची. मग हसायची थांबली. ते जास्त लागलं मला.

मग मी नुसता बसायला लागलो. ते स्टूल दिसतंय ना, टॉवेलांच्या ढिगाशेजारी, तिथे. टॉवेलांच्या घड्या घालायच्या, खालचे केस झाडायचे. दादाची खुर्ची भरलेली, माझी रिकामी, आणि लोक बाकावर पेपर वाचत दादाची वाट बघतायत. मी म्हणायचो, या ना, इकडे रिकामी आहे — तर म्हणायचे, असू दे, घाई नाही. एरवी दारातनंच ओरडत येणारी माणसं, त्यांनाही घाई नाही! गंमत आहे की नाही? मीही हसायचो त्यांच्याबरोबर. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडायचो. आंघोळ नको, बोलणं नको. सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा, अरेच्चा, आली का परत जाग. — नाही नाही, आता नाही वाटत तसं. म्हणजे, रोज नाही वाटत. हनुवटी वर करा जरा.

आमच्या धंद्यात हात कशावर बसवतात, ठाऊक आहे? फुग्यावर. फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो उतरवायचा. फुटला की दुसरा घ्यायचा. वडिलांनी मला असंच शिकवलं होतं. दादा म्हणाला, आता परत तेच करू — दुकान उघडलं की रोज एक फुगा, ज्या दिवशी न फुटता साफ होईल त्या दिवसापासून वस्तरा तुझा. म्हटलं, चालेल. फाट! दुसऱ्या दिवशी, फाट! शेजारचा चष्म्याच्या दुकानवाला विचारायचा, काय रे, रोज कुणाचा वाढदिवस? माझ्या तोंडावर फेसाचे शिंतोडे, आणि दादा पाठ करून उभा, मुद्दाम, मला लाज वाटू नये म्हणून. आणि काल, साहेब, काल फुगा साफ झाला! गुळगुळीत! दादानं मिठी मारली मला, रडला हो, एवढा मोठा माणूस. म्हणाला, बघ, गोळ्या अंगाला मानवल्या शेवटी.

मानवल्या म्हणे! गोळी घेतलीय कुणी? वहिनी रोज सकाळी हातावर ठेवते, पाणी देते, समोर उभी राहते. मी जिभेखाली धरतो. इथे येऊन या बेसिनमध्ये थुंकतो, नळ सोडला की गेली फेसाबरोबर. नाहीतर हा हात थांबला असता होय? — अहो, खुर्ची इतकी आवळून धरू नका, मानेची शीर ताणली जाते. झाला, उजवा गाल झाला. फिरवून बघा हात. लोणी आहे की नाही?

आणि एवढं रडून, मिठी मारून, आज बाहेर पडताना दादानं काय केलं? नेहमीसारखा वस्तरा खिशात घातला आणि निघाला. म्हणाला, एकदा डॉक्टरांना विचारू, मग बघू. म्हणजे फुगा साफ झाला तरी वस्तरा याच्याच खिशात! — हा? हा दादाचा नाही, हा वडिलांचा. घरच्या कपाटातनं आणला, चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावली, आणि तुम्ही यायच्या आधी नुसता हातात घेऊन बसलो होतो, बराच वेळ. कशासाठी म्हणजे? दाढीसाठीच. दुसरं कशासाठी असणार? — बघू नका असे माझ्याकडे. तुम्ही आलात ते बरं झालं. खरंच बरं झालं.

तोंड इकडे करा, आता डावा गाल. दादा येईल तेव्हा तुम्ही या खुर्चीतनं उठत असाल, दोन्ही गाल लखलखीत — बघू दे त्याला, फुगा नव्हे, जिवंत माणूस आहे, आणि एक ओरखडा नाही — काही जळतंय का हो? तो ड्रायर — नाही, त्याचं बटण बंद आहे. रस्त्यावर कुणी टायर जाळतंय का? वास येतोय ना तुम्हाला, रबराचा? नीट बघा ना हुंगून. नाही? जरासुद्धा नाही?

बरं.

हा घ्या. घ्या म्हणतो ना, मिटवलाय, लागणार नाही. आधी खुर्चीतनं उठा, आणि तो लांब ठेवा माझ्यापासून, तिकडे, बाकापलीकडे. डावा गाल राहिला तुमचा, माफ करा. मी इथे खालीच बसतो. पडलो की कुशीवर करा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, थांबतं आपोआप. जाऊ नका हां, दादा येईपर्यंत. वस्तरा त्याच्या हातात द्या, आणि त्याला सांगा, फुगा — गोळ्या घेतल्याच नाहीत म्हणावं, बेसिनमध्ये — आणि वहिनीला रागावू नको म्हणावं, तिनं रोज दिली, रोज, ते — ते हे — काय म्हणतात त्याला — ते —