जिनसेंगचा वास

चेंगदूच्या म्हाताऱ्या वैद्यांकडे शूछिन नंबर लावून पेंगत बसली होती. अंगात ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, किती उरलीय ते हे वैद्य नुसत्या नाडीवरून सांगत. शेजारी एक थकलेली आई आणि तिची लेक बसल्या होत्या.

“आई, तुझ्या तोंडाला जिनसेंगचा वास येतोय.”

“सकाळी मुळीचा तुकडा चघळला.”

“अगं, नाडी दाखवायच्या दिवशी? नाडीत खोटाच जोर येतो ना त्यानं!”

“यायलाच हवा.”

“मग एवढी दगदग करून आलो कशाला?”

“औषधाला. मागच्या खेपेला काय म्हणाले ते? ची पार आटलीय, महिनाभर पडून राहा, जड उचलू नका.”

“बरोबरच सांगितलं की!”

“आणि तुझ्या बाबांना कोण उचलणार? सकाळी संडासला, दुपारी उन्हात, संध्याकाळी परत पलंगावर.”

“मी येते ना मदतीला.”

“येतेस की. रविवारी.”

शूछिनची पेंग उडाली होती. आतून त्या आईचं नाव पुकारलं.

“ऊठ, आई. थांब जरा, हे घे.”

“काय आहे?”

“संत्र्याचं वाळवलेलं साल. तोंडात धर, वास जाईल.”