एअर फ्रायरमधला रस्सा

पेणहून रोह्याला निघालेल्या एसटीत, मागच्या सीटवरच्या दोघींचा आवाज चढला तशी उर्वीनं हळूच कानातले हेडफोन काढले.

“काय गो गोदूबाय, सून रुसून माहेरी गेली म्हनं?”

“व्हय. तिनं पहिल्या पगारात घेतलेला एअर फ्रायर मी जाळला. तिला आनायलाच चाललंय.”

“जाळला कसा?”

“बार्बेक्यू विंग्स करा म्हनली. कोंबडीचे सुके पंख कुनाच्या घशाखाली उतरतात? ओतला वरून तांब्याभर रस्सा.”

“मशीनमध्ये?”

“मग! भाकरी काय कोरडीच गिळायची? फाटदिशी धूर काढलान नि गप झाला.”

“आता सुनेचे पाय धरशील?”

“पाय धरतंय माझं पायताण! डबाभर पंख आनलेत. चुलीच्या निखाऱ्यावर भाजून, तिचाच सॉस चोपडून, कुरकुरीत.”

“नि नवं मशीन कुठाय विचारलंन तर?”

“तोंड भरल्यावर कोन विचारतंय गो?”