मोर्चातला ग्रुप फोटो

लालबागच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एकजण उभा होता. गिरणीतून सुटलेल्या एका कामगाराने त्याला गाठलं.

"काय ओ फोटोवाले, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमचा फोटो काढलात, तो पेपरात कुठाय?"

"संपादकांनी परत केला. छापला नाही, म्हणजे मला पैसेही नाहीत."

"का? चांगले चाळीस जण होतो की!"

"चाळीस जण, ओळीत, टोप्या सरळ करून, गप्प! संपादक म्हणाले, हा मोर्चा आहे की लग्नातलं वऱ्हाड?"

"मग फोटो काढताना काय बोंबलायचं?"

"हो! घोषणा द्यायच्या. माझ्याकडे बघायचंच नाही."

"बघितलं नाही तर गावाला आमची बायको ओळखणार कशी?"

"तिला स्टुडिओतला पाठवा हो! माझं पोट तुमच्या आरडाओरडीवर आहे."

"मग पोलीस लाठ्या घेऊन आले, तेव्हा काढायचा! सगळे धावत होते, बोंबलत होते. तुम्ही आपले नुसते उभे!"

"उभा होतो, कारण तुम्ही माझा हात धरला होतात."

"मी?"

"तुम्हीच! 'माझे डोळे मिटले, आणखी एक काढा' म्हणून."

"हां, हां! मग त्यात तरी उघडे आलेत का?"