हळदीच्या दिवशीची अकरा मिनिटं

बोरीवलीत डोळ्यांच्या दवाखान्यात मागच्या बाकावर एक बाई शेजारच्या काकांशी बोलत होत्या.

"आमची चेतना पवईला असते कामाला. रक्तपेढ्यांची वेबसाइट सांभाळते. कुठल्या पेढीत कोणतं रक्त आहे, ते त्या साइटवर दिसतं."

"आणि ती बंद पडली तर?"

"दर मिनिटाला कॉम्प्युटर आपोआप तपासतो. उघडली नाही, की लगेच हिचा मोबाइल वाजतो. गेल्या वर्षी नेमका तिच्याच हळदीत वाजला. तशीच माखलेल्या हातांनी लॅपटॉप घेऊन बसली."

"हळदीत?"

"मी ओरडले ना तिच्यावर. तर म्हणाली, आई, आत्ता कुणीतरी रक्त शोधत असेल. अकरा मिनिटांत चालू केली."

"कधीची गोष्ट?"

"अठ्ठावीस एप्रिल. दुपारचे दोन वाजले असतील."

काका बाईंकडे वळून बसले.

"त्या दुपारी मी मुलुंडला हॉस्पिटलात होतो, ताई. बायकोला ओ निगेटिव्ह हवं होतं. साइट उघडतच नव्हती. मी आपला पुन्हा पुन्हा बघत होतो. मग एकदम उघडली. घाटकोपरच्या पेढीत दोन पिशव्या दिसल्या."

"मिळाल्या?"

"मिळाल्या. आता देवगडला गेलीय ती. कालच फोनवर भांडली माझ्याशी."

"थांबा, चेतनाला फोन लावते."

"लावा. पण तिच्याशी बोलू काय, तेच मला सुचत नाहीये."