मॅच काल संपली होती

ल्यूकन उपनगरातला माझा मित्र मंदार माझ्याशी बोलत का नाही, माहितीये? लॉकडाउन सैल झालं, घरी पाहुणे बोलवायला परवानगी मिळाली, आणि या गड्याने मला कशाला बोलवावं? बेसबॉल बघायला! याचा नवा बॉस अमेरिकन ना, म्हणून हे साहेबही त्याच्या टीमचे भक्त.

रविवार सकाळ, मॅच आदल्या रात्रीची, रेकॉर्ड केलेली. शेवटची इनिंग. बॉसची टीम एका रनने पुढे, समोरच्यांचे दोन आउट, एक जण बेसवर; तिसरा आउट झाला की जिंकलो. मी उठलो.

"बस खाली! जागचं हलायचं नाही कुणी!"

त्याची बायको मेघना कपाटातून साखर काढत होती. तीही तशीच उभी, हात वर.

"अरे मंद्या, मॅच काल संपलीये."

"निकाल कुठे माहितीये आपल्याला? बस!"

मेघना म्हणाली, "बसा हो भावजी, माझा हात भरून आलाय."

पण मला बाथरूमला जायचंच होतं. परत येतो तर समोरच्यांचा होमरन, एका फटक्यात दोन रन! बॉसची टीम एका रनने हरलेली.

"दोन मिनिटं दम धरवला नाही तुला?" मंदार ओरडला. "तुझ्यामुळे हरलो!"

हा माणूस डेटा सायंटिस्ट आहे. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे लोकांना समजावण्याचा पगार घेतो.