आत्याचा डबा

आमच्या फ्लॅटमधल्या विटा पाहिल्या न तुम्ही? बायकोची हौस. तिनं भिंतीचं प्लास्टर खरवडून आतल्या विटा तशाच उघड्या ठेवल्या, आणि स्वयंपाकघरात कपाटांची दारं काढून नुसत्या फळ्या राहू दिल्या. "झाकायचंच काहून? जे आहे ते समोर दिसू द्या," हे तिचं म्हणणं.

घर पाहायले जुन्या महाल वस्तीतून माझी आत्या आली. विटांपुढं उभी राहून म्हणे, "प्लास्टर राहूनच गेलं का गा?" आणि थेट स्वयंपाकघरात घुसली.

आता आमच्या नात्यात नाव कोरल्याशिवाय कोणी भांडं देत नाही. आत्यानं चष्मा लावला आणि एकेक भांडं उलटं करून वाचायले लागली. याचा दूध तापवायचा गंज पातळ, त्याची परात लहान, सगळ्यांचं उणं काढून राहिली होती.

मग वरच्या फळीवरचा मोठा स्टीलचा डबा तिनं बायकोच्या हाती दिला. "हा माझा. तुमच्या लग्नात एवढा जड आहेर कोणीच केला नाही. वाच वं सूनबाई, मोठ्यानं वाच."

बायकोनं डबा उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं, "चि. मंगेश यास लग्नात मामाकडून सप्रेम भेट."

मंगेश म्हणजे आत्याचा पोरगा. अन् त्याचा मामा म्हणजे माझे बाबा.

आत्यानं डबा परत घेतला, पदरानं पुसला, जागेवर ठेवला. चष्मा काढत बायकोले म्हणे, "फळ्यांले दारं लावून घे वं. घरात सगळंच उघडं बरं नाही दिसत."